ऊती-प्रत्यारोपण आणि प्राण्यांमधील लसिका ऊती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका प्राण्याची त्वचा, मूत्रपिंड किंवा हृदय दुसऱ्याला बसवले की सगळ्यांचे डोळे त्या बसवलेल्या भागावर खिळतात. रंग टिकला का, रक्त फिरू लागले का, कडा काळवंडल्या का. पण त्या भागाचे भवितव्य बहुतेक वेळा तिथे ठरतच नाही. ते ठरते काही अंतरावरच्या लसिका गाठीत किंवा प्लीहेत, आणि रोपण केलेली ऊती बाहेरून ठणठणीत दिसत असतानाच ठरलेले असते. पशुवैद्यक आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून, प्रयोगशाळेत नव्याने काम सुरू करणाऱ्यांकडून आणि कुतूहलाने वाचणाऱ्यांकडून या विषयावर जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

लसिका ऊतीत नेमके काय काय येते?

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जिथे तयार होतात, पक्व होतात आणि एकमेकींना भेटतात त्या सगळ्या जागा. अस्थिमज्जा आणि थायमस (छातीतला अवयव; टी-पेशी, म्हणजे परकेपणा ओळखणारे लिम्फोसाइट, इथे पक्व होतात) ही त्यांची जडणघडणीची ठिकाणे. त्यांना प्राथमिक लसिका अवयव म्हणतात. लसिका गाठी, प्लीहा, टॉन्सिल, आतड्याच्या भिंतीतील पेयर पॅचेस ही दुय्यम ठिकाणे. प्रत्यारोपणाविरुद्धची प्रतिक्रिया सुरू होते ती या दुय्यम ठिकाणी. पुढे ज्याची ऊती घेतली त्याला दाता आणि ज्याला बसवली त्याला ग्राही म्हटले आहे.

रोपण पायाच्या त्वचेवर केले, मग जांघेतली गाठ का सुजते?

कारण त्या त्वचेतून निघणारी लसिका (ऊतींतून झिरपून आलेला द्रव) त्याच गाठीतून गाळली जाते. दात्याच्या त्वचेत डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी-पेशींना परकी प्रथिने दाखवणाऱ्या पेशी, असतात. शस्त्रक्रियेच्या जखमेने त्या जाग्या होतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांत लसिकावाहिन्यांतून बाहेर पडून गाठीच्या टी-पेशींच्या भागात जाऊन बसतात. तिथे ग्राहीच्या टी-पेशींची अखंड ये-जा चालू असते. जेम्स गोवन्स यांनी १९५९ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की छोटे लिम्फोसाइट रक्तातून गाठीत, गाठीतून लसिकेत आणि तिथून पुन्हा रक्तात असे फिरत राहतात. त्याआधी या पेशी जन्मून लगेच मरतात असे अनेकांना वाटायचे. एखादी विशिष्ट टी-पेशी अख्ख्या शरीरात विरळ असली, तरी या फेऱ्यांमुळे तिला दात्याची पेशी गाठीत भेटतेच. रोपणाच्या जागी ही गाठभेट होण्याची शक्यता फार कमी.

निरोप गाठीपर्यंत पोहोचूच दिला नाही तर?

माझ्या मते या विषयातले सगळ्यात सुंदर प्रयोग याच प्रश्नावर झाले आहेत.

क्लाइड बार्कर आणि रूपर्ट बिलिंगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस गिनीपिगच्या अंगावरचा त्वचेचा एक तुकडा चहूबाजूंनी कापून उचलला. तो शरीराशी जोडलेला राहिला फक्त एका धमनी-शिरेच्या देठाने. रक्त येत होते, जात होते. लसिकावाहिन्या मात्र तुटलेल्या. त्या तुकड्यावर त्यांनी दुसऱ्या गिनीपिगची त्वचा बसवली. एरवी जी त्वचा थोड्याच दिवसांत गळून पडली असती, ती इथे टिकून राहिली. मग तो तुकडा पुन्हा शरीराला जोडून लसिकेची वाट मोकळी केली, तेव्हा नकार आला. याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे : त्याच प्राण्याला आधीच दुसरीकडे त्याच दात्याची त्वचा बसवून संवेदनशील केले असेल, तर लसिकावाहिन्या नसलेल्या तुकड्यावरची त्वचाही नष्ट झाली. म्हणजे जाणारी वाट बंद असली की गाठीला बातमी कळत नाही, पण एकदा गाठ तयार झाली की तिच्या पेशी रक्तातून कुठेही पोहोचतात.

सीरियन हॅमस्टरच्या गालातील पिशवीत निसर्गानेच ही व्यवस्था केली आहे. तिथे लसिकेचा निचरा जवळजवळ नाही, म्हणून परकी ऊती तिथे बराच काळ टिकते. डोळ्याचा पुढचा कप्पा आणि मेंदू यांनाही अशी सवलत आहे, मात्र तिथली कारणे अधिक गुंतागुंतीची आहेत.

२००० साली फादी लक्किस आणि सहकाऱ्यांनी शेवटचा दुवा जोडला. ‘एली’ नावाच्या उत्परिवर्तनामुळे काही उंदरांत लसिका गाठी आणि पेयर पॅचेस तयारच होत नाहीत. अशा उंदरांची प्लीहाही काढून टाकली आणि परक्या उंदराचे हृदय बसवले. हृदय धडधडत राहिले. ग्राहीच्या टी-पेशी शाबूत होत्या, त्यांना भेटीची जागा तेवढी उरली नव्हती. रोपणाला रक्तपुरवठा असूनही नकार आला नाही, हे त्यातले विशेष.

गाठीत दिवसागणिक काय घडते?

उंदीर किंवा सशावर परक्या त्वचेचे रोपण केले आहे असे धरू.

पहिल्या दिवशी गाठ मोठी होते ती मुख्यतः गर्दीमुळे. आत येणाऱ्या लिम्फोसाइटांची संख्या वाढते आणि बाहेर पडणाऱ्यांची वाट काही काळ आखडते. या टप्प्यावर पेशी-विभाजन फारसे नसते. त्यामुळे केवळ वजन वाढले म्हणून ‘प्रतिक्रिया सुरू झाली’ असे लिहिणे घाईचे ठरते.

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान खरा बदल दिसतो. कॉर्टेक्सच्या (गाठीच्या बाहेरच्या थराच्या) आतल्या अंगाला असलेला टी-पेशींचा पट्टा, म्हणजे पॅराकॉर्टेक्स, रुंदावतो. नेहमीच्या छोट्या, गडद केंद्रकाच्या लिम्फोसाइटांमध्ये मोठ्या, फिकट केंद्रकाच्या आणि ठळक केंद्रिकेच्या पेशी दिसू लागतात. मिथाइल ग्रीन-पायरोनिनने रंगवलेली काच भिंगाखाली धरली की या पेशींचा जीवद्रव गुलाबी-लाल उठून दिसतो, कारण त्यात आरएनए ठासून भरलेला असतो : प्रथिने बनवण्याची आणि विभाजनाची तयारी चालू असते. अधूनमधून विभाजनाच्या अवस्थेत पकडलेली पेशीही दिसते. स्कॉथॉर्न आणि मॅक्ग्रेगर यांनी १९५५ साली सशांवर त्वचा बसवून जवळच्या गाठींत आणि प्लीहेत होणाऱ्या पेशीबदलांचे सविस्तर वर्णन केले, आणि पुढे बरवेल यांनी हाडांच्या रोपणानंतर सशांच्या गाठी तपासल्या. ही वर्णने आजही वाचण्यासारखी आहेत, कारण त्या काळी टी-पेशी आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडी) देणाऱ्या बी-पेशी असा भेद माहीत नसतानाही या निरीक्षकांनी बदलाची जागा आणि क्रम अचूक टिपला होता.

या सगळ्या काळात रोपण केलेली त्वचा गुलाबी, मऊ, जिवंत असते. त्वचा पाहून निदान करणाऱ्याला काहीच कळत नाही.

त्यानंतर तयार झालेल्या टी-पेशी गाठीतून निघून रक्तात येतात. दुसऱ्या आठवड्याकडे झुकताना बाहेरच्या कॉर्टेक्समधील पुटकांत (बी-पेशींच्या गोल पुंजक्यांत) जननकेंद्रे, म्हणजे या पेशींच्या विभाजनाच्या जागा, ठळक होतात आणि मेड्युलाच्या (गाठीच्या आतल्या भागाच्या) दोऱ्यांत प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी दाटतात. उंदरात पूर्ण परक्या त्वचेला नकार साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास येतो. पुढे गाठ हळूहळू ओसरते, पण स्मृतिपेशी, म्हणजे ही ओळख लक्षात ठेवणारे लिम्फोसाइट, मागे राहतात.

परकेपणा ओळखला जातो तो कशावरून?

मुख्यतः एमएचसी या जनुकसमूहाने बनवलेल्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून. उंदरात त्याला एच-२, कुत्र्यात डीएलए, डुकरात एसएलए म्हणतात. पीटर गोरर यांनी १९३० च्या दशकात उंदरांत त्याचा माग काढला आणि जॉर्ज स्नेल यांनी तो उलगडला. स्नेल यांना १९८० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एखाद्या साध्या जंतूच्या प्रतिजनाला ओळखणारी टी-पेशी लाखात एखादी सापडते. परक्या एमएचसीला प्रतिसाद देणाऱ्या टी-पेशी मात्र एकूण टी-पेशींच्या सुमारे १ ते १० टक्के असतात. रोपणानंतर गाठ इतकी भराभर आणि इतकी का फुगते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

ओळख तीन वाटांनी पटते. दात्याच्या डेंड्रायटिक पेशी स्वतः गाठीत येतात, ही थेट वाट. ग्राहीच्या डेंड्रायटिक पेशी दात्याची प्रथिने पचवून त्यांचे तुकडे दाखवतात, ही अप्रत्यक्ष वाट. आणि ग्राहीच्या पेशी दात्याचे अखंड एमएचसी रेणू आपल्या पृष्ठभागावर चढवून घेतात, ही तिसरी. दात्याच्या पेशी काही दिवसांत संपून जातात. त्यामुळे महिनोन्‌महिने चालणाऱ्या नकारात अप्रत्यक्ष वाटेचा वाटा मोठा असतो.

एकाच अंतःप्रजात वंशातले उंदीर असतील तर काहीच होत नाही ना?

निदान २० पिढ्या भावंडांचा संकर करून तयार केलेल्या वंशात एका उंदराची त्वचा दुसऱ्याला सहसा कायमची बसते. अपवाद मात्र आहे. १९५५ साली आइकवाल्ड आणि सिल्मसर यांना दिसले की काही वंशांत नराची त्वचा त्याच वंशाची मादी नाकारते. वाय गुणसूत्रामुळे बनणाऱ्या प्रथिनांना मादीची टी-पेशी परके समजते. प्रयोगात दाता आणि ग्राही यांचे लिंग नोंदवायला विसरू नये, ते याचसाठी.

स्वतःचीच त्वचा दुसरीकडे बसवली तर गाठ सुजते का?

थोडी सुजते आणि लवकर उतरते. जखम, सूज, मेलेल्या पेशींचा कचरा याला गाठ प्रतिसाद देते. पॅराकॉर्टेक्समध्ये मोठ्या पेशींची ती दाटी मात्र होत नाही. म्हणूनच स्वरोपणाचा गट ठेवल्याशिवाय केलेला प्रयोग मी तरी विश्वासार्ह धरणार नाही.

त्याच दात्याचे रोपण दुसऱ्यांदा केले तर?

नकार फार लवकर येतो. भाजलेल्या रुग्णावर केलेल्या निरीक्षणानंतर पीटर मेडावार यांनी १९४४-४५ मध्ये सशांवर हे पद्धतशीरपणे दाखवले, आणि नकार ही प्रतिकारयंत्रणेचीच कृती आहे हे त्यातून पक्के झाले. दुसऱ्या खेपेला स्मृतिपेशी आधीच तयार असतात. त्या अख्ख्या शरीरात फिरतात आणि त्यांना गाठीत जाऊन नव्याने शिकायची गरज पडत नाही. गाठी व प्लीहा नसलेल्या उंदरांतही स्मृती-टी-पेशी रोपण नाकारू शकतात. आधी रक्त चढवलेला, गाभण राहून गेलेला किंवा पूर्वी रोपण झालेला प्राणी यांचा हिशेब म्हणूनच वेगळा धरावा लागतो.

नकार पेशींमुळे येतो की प्रतिपिंडांमुळे?

दोन्हींमुळे, पण पहिल्या खेपेच्या त्वचा-रोपणात सूत्रे टी-पेशींच्या हाती असतात. १९५३-५४ मध्ये एव्हरियन मिचिसन यांनी परक्या अर्बुदाची (ट्यूमरची) ऊती नाकारलेल्या उंदराच्या जवळच्या लसिका गाठीतील पेशी दुसऱ्या, कोऱ्या उंदरात टोचल्या. तोही आता ती ऊती झपाट्याने नाकारू लागला. त्याच उंदराचा रक्तद्रव टोचून हे साधले नाही. प्रतिकार गाठीतल्या जिवंत पेशींत साठवलेला असतो, याचा तो थेट पुरावा होता. रक्तवाहिन्या जोडून बसवलेल्या मूत्रपिंडात किंवा हृदयात आधीपासून प्रतिपिंडे असतील, तर मात्र काही मिनिटांत ते अवयव काळवंडतात. डुकराचा अवयव माकडाला बसवल्यावर हेच होते, कारण अल्फा-गॅल या शर्करेविरुद्धची प्रतिपिंडे माकडाच्या रक्तात आधीच असतात.

प्लीहेचे काम काय?

त्वचेचा निरोप लसिकेतून जातो, म्हणून त्वचा-रोपणात गाठी महत्त्वाच्या. हृदय किंवा मूत्रपिंड थेट रक्ताशी जोडले जाते, म्हणून तिथे प्लीहाही पुढे येते. लार्सन, मॉरिस आणि ऑस्टिन यांनी १९९० साली उंदरांत दाखवले की रोपण केलेल्या हृदयातील दात्याच्या डेंड्रायटिक पेशी रक्तातून ग्राहीच्या प्लीहेत जातात आणि तिथल्या पांढऱ्या लगद्यात (प्लीहेतल्या लिम्फोसाइटांच्या भागात) टी-पेशींना भिडतात. प्लीहेचा पांढरा लगदा त्यानंतर रुंदावतो आणि तिथेही तशाच मोठ्या पेशी दिसतात. एकटी प्लीहा काढून नकार टळत नाही, कारण गाठी उरलेल्या असतात.

आणि थायमस?

जॅक मिलर यांनी १९६१ साली जन्मल्याबरोबर थायमस काढलेल्या उंदरांवर परकी त्वचा बसवली आणि ती टिकली. त्या उंदरांच्या गाठींत आणि प्लीहेत लिम्फोसाइट विरळ होते. मोठ्या उंदराचा थायमस काढला तर असा परिणाम लगेच दिसत नाही. टी-पेशी तोवर गाठींत पोहोचून स्थिरावलेल्या असतात. जन्मजात थायमस नसलेले, बिनकेसांचे ‘न्यूड’ उंदीर आज परक्या ऊती वाढवण्यासाठी सर्रास वापरतात.

रोपणातली लसिका ऊतीच ग्राहीवर उलटू शकते का?

हो, आणि ही बाजू अनेकदा विसरली जाते. ग्राही प्रतिकार करू शकत नसेल आणि रोपणात दात्याच्या पक्व टी-पेशी असतील, तर त्या ग्राहीलाच परका समजतात. मॉर्टन सिमोन्सन यांनी १९५७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात प्रौढ कोंबडीच्या पेशी सोडल्या तेव्हा भ्रूणाची प्लीहा प्रचंड फुगली. नवजात उंदरांत हेच केले की पिल्ले खुरटतात, अंगावरचे केस विस्कटतात, जुलाब लागतात. आतड्याच्या रोपणाबरोबर पेयर पॅचेस आणि आंत्रयोजीच्या (आतडी धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) गाठी जातात, तर अस्थिमज्जेबरोबर पक्व टी-पेशी. त्यामुळे या दोन रोपणांत हा धोका विशेष.

या घटनेवर एक साधी आणि उपयोगी चाचणीही उभी राहिली. पालक-वंशातील लिम्फोसाइट संकरित पिल्लाच्या एका तळपायात टोचायचे आणि सुमारे आठवड्याने दोन्ही गुडघ्यांमागच्या गाठी काढून वजन करायचे. संकरित पिल्लू पालकाच्या पेशींना परके मानत नाही, पण त्या पेशी त्याला मानतात. दोन गाठींच्या वजनातला फरक म्हणजे प्रतिक्रियेचे माप. गंमत अशी की फुगलेल्या गाठीतल्या पुष्कळशा पेशी ग्राहीच्याच असतात.

सगळ्या प्राण्यांत हेच चित्र असते का?

नाही. माशांना लसिका गाठी नसतात. प्लीहा आणि मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग ते काम करतो. तरीही हिल्डेमन यांनी १९५० च्या दशकात दाखवले की गोल्डफिश परके खवले नाकारतो, आणि पाणी थंड केले की नकार लांबतो. शार्क आणि शेपटीवाले उभयचर सावकाश नाकारतात. पक्ष्यांत थायमसवर त्वचेचा नकार अवलंबून असतो आणि बर्सावर (बी-पेशी घडवणाऱ्या, पक्ष्यांतल्या अवयवावर) प्रतिपिंडे. टी आणि बी पेशींचे वेगळेपण समजायला कोंबडीनेच मदत केली.

डुकराची गाठ ‘उलटी’ असते. पुटके आणि जननकेंद्रे आतल्या बाजूला, मेड्युलासारखी ऊती बाहेरच्या बाजूला, आणि बहुतेक लिम्फोसाइट बाहेर जाणाऱ्या लसिकेऐवजी थेट रक्तात परततात. डुकरातल्या रोपणानंतर गाठीतून बाहेर पडणारी लसिका तपासून ‘पेशी कमी, म्हणजे प्रतिक्रिया कमी’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. त्या प्रकारच्या अभ्यासाला मेंढी उत्तम. तिच्या लसिकावाहिनीत नळी बसवून दिवसेंदिवस लसिका गोळा करता येते आणि रोपित मूत्रपिंडातून निघणाऱ्या पेशी मोजता येतात.

यकृताचे रोपण सोपे जाते असे का म्हणतात?

उंदरांच्या अनेक वंश-जोड्यांत आणि बऱ्याच डुकरांत परके यकृत औषधांशिवायही टिकते. रॉय काल्न यांनी १९६९ मध्ये डुकरांत हे नोंदवले. अशा ग्राहीच्या गाठी व प्लीहेत प्रतिक्रिया पेटतेच, आधी जोरात पेटते, आणि मग विझते. यकृतातून बाहेर पडलेल्या दात्याच्या पांढऱ्या पेशींचा मोठा लोंढा ग्राहीच्या लसिका ऊतीत जाऊन टी-पेशींना अतिउत्तेजित करतो आणि त्या मरतात, हे त्यामागचे एक कारण आहे.

औषधे लसिका ऊतीवर कशी चालतात?

वेगवेगळ्या ठिकाणी. लिम्फोसाइटविरोधी सीरम गाठींतला टी-पेशींचा भाग अक्षरशः रिकामा करते. अ‍ॅझाथायोप्रिन विभाजन रोखते. सायक्लोस्पोरिन टी-पेशीला इंटरल्यूकिन-२ (टी-पेशींना विभाजनाचा इशारा देणारे प्रथिन) बनवू देत नाही, त्यामुळे पॅराकॉर्टेक्समध्ये त्या मोठ्या पेशी उमटतच नाहीत. फिंगोलिमोड तर पेशींना मारत नाही; तयार झालेल्या पेशींना गाठीतून बाहेर पडायची खूण मिळू देत नाही, आणि त्या आतच अडकतात. मांजरांत मूत्रपिंडाचे रोपण १९८० च्या दशकापासून उपचार म्हणून केले जाते आणि तिथे सायक्लोस्पोरिन हा आधार आहे. आयुष्यभर लसिका ऊती दाबून ठेवण्याची किंमतही आहे : जंतुसंसर्ग आणि कर्करोग, विशेषतः लिम्फोमा (लिम्फोसाइटांचा कर्करोग).

मग रोपणाजवळच्या गाठी काढूनच टाकाव्यात?

कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पारदर्शक पडद्याच्या) रोपणाआधी मानेतल्या गाठी काढल्या तर उंदरांत कॉर्निया जास्त टिकतो, हे खरे. पण हा सरसकट उपाय नव्हे, कारण सहिष्णुता शिकली जाते तीही याच गाठींत. बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावार यांनी १९५३ मध्ये भ्रूणावस्थेत दात्याच्या पेशी टोचलेले उंदीर मोठेपणी त्याच दात्याची त्वचा स्वीकारतात हे दाखवले. त्या उंदरांत सामान्य उंदराच्या लसिका गाठीतल्या पेशी सोडल्या की ती सहिष्णुता मोडली. प्रौढ प्राण्यातही प्रतिक्रिया आवरणाऱ्या नियामक टी-पेशी तयार होण्यासाठी गाठीत मुक्काम करावा लागतो. गाठ काढली की नकार लांबतो खरा, पण स्वीकार शिकण्याची जागाही जाते.

जुन्या रोपणात नवी लसिका ऊती उगवते, हे खरे का?

खरे. महिनोन्‌महिने धुमसणाऱ्या नकारात रोपित अवयवाच्या आतच टी आणि बी पेशींचे पुंजके, कधी जननकेंद्रांसह, तयार होतात. त्यांना तृतीयक लसिका रचना म्हणतात. काही रोपणांत त्या स्थानिक प्रतिपिंडे बनवून हानी वाढवतात. काहींत नियामक पेशींनी भरलेल्या आणि निरुपद्रवी दिसतात. त्यांची नुसती उपस्थिती पाहून निकाल देऊ नये, आत कोणत्या पेशी आहेत ते पाहावे.

स्वतः गाठीची काच वाचायची असेल तर काय सांभाळावे?

गाठ कोणती काढली ते आधी पक्के करावे. रोपणाच्या जागेचा निचरा नेमका कुठे होतो हे रंगद्रव्य टोचून तपासता येते. विरुद्ध बाजूची तीच गाठ तुलनेसाठी घ्यावी. छेद गाठीच्या मधोमध, नाभीच्या खाचेतून (हायलम : रक्तवाहिन्या जिथून आत-बाहेर जातात ती जागा) जाणारा असावा. कडेचा तिरपा छेद घेतला तर पुटकेच जास्त दिसतात आणि पॅराकॉर्टेक्स आक्रसल्यासारखा भासतो. दिवस नोंदवणे सगळ्यात महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशीची आणि सहाव्या दिवशीची गाठ वजनाने सारखी भरू शकते, पण पहिलीत गर्दी असते आणि दुसरीत विभाजन.